भिंतीतले गृहस्थ

वालीवला आमच्या साच्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटर बघायला एक गृहस्थ यायचे. पासवर्ड टाकायची वेळ आली की ते खुर्चीवरून उठत, "मॅडम, टाका तुम्ही, मी भिंतीत गेलो," म्हणत आणि कॅलेंडरला नाक लावून उभे राहत. सगळ्या ड्रॉइंग्जच्या बॅकअपला पासवर्डाचं कुलूपही त्यांनी माझ्याकडून असंच, पाठमोरं राहून घालून घेतलं होतं.

पुढे तो कॉम्प्युटर बसला. त्यांनी नवा जोडला, बॅकअपची सीडी घातली आणि भिंतीत गेले. मी पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला, पुन्हा चूक. मालकांना घाम फुटला.

"घाबरू नका मॅडम," कॅलेंडरपासून आवाज आला. "तेव्हा काय वेगळं होतं, आठवा. मला सांगू मात्र नका!"

कीबोर्ड! जुन्यावर एक अक्षर बटण जोरात दाबल्याशिवाय उमटायचंच नाही. बिलात चूक दिसायची, पण पासवर्डात नुसत्या चांदण्या, अक्षर राहिलं ते कळणार कसं? मी ते अक्षर गाळलं आणि सगळी ड्रॉइंग्ज परत आली.

आम्ही टाळ्या पिटल्या. मालकांनी समोसे मागवले, आले, निम्मे संपलेसुद्धा. तेवढ्यात मागून कोणीतरी अदबीने विचारलं, "मॅडम, येऊ का बाहेर?"