काकीने कबूल केलेली नथ

आमच्या गावात देवीला बायकांचा हात लागत नाही. शिमगा संपला की मानकरी पालखीतली रूपं, म्हणजे देवांचे मुखवटे, उतरवतात, दागिने काढतात, साड्यांच्या घड्या घालून पेटाऱ्यात ठेवतात. त्या वर्षी देवीची नथ मिळेना. काकी तेव्हा सभामंडप झाडत होती, एवढाच तिचा गुन्हा.

जिला देवीला शिवायची मुभा नाही, तिने देवीच्या नाकातली नथ काढली कशी, हे विचारायचं एकाही मिशीवाल्याला सुचलं नाही. सकाळपासून तिला देवळात उभी केली होती.

"मी नाय घेतली वो," ती म्हणत होती.

"मग नथीला पाय फुटले काय?" थोरले मानकरी दर वेळी तेच विचारायचे.

दुपारी काका, तिचा स्वतःचा नवरा, जवळ गेला. "कबूल कर नि मोकळी हो गो. नायतर पालखी आपल्या दारात येयाची नाय."

पालखी दारात न येणं म्हणजे जिवंतपणी वाळीत पडणं. काकी म्हणाली, "घेतली."

कुठे टाकलीस? विहिरीत. विहीर उपसली, नुसता चिखल निघाला. खोटारडी म्हणून शिव्या बसल्या. मग म्हणाली, फणसाच्या मुळाशी पुरली. तिथेही काही नाही. पण दर खेपेला तिचं सांगणं पक्कं होत गेलं. फडक्यात गुंडाळली, पदराखाली धरली, देवी डोळे वटारून बघत होती. पावसाळा सरेपर्यंत तिला सगळं आठवायला लागलं होतं.

पुढच्या शिमग्याला मानकऱ्यांनी साडीची घडी उलगडली आणि जरीत अडकलेली नथ खाली पडली. माझं डोकं फिरलं. थोरले मानकरी मात्र थंड. "मग तिनं कबूल कशाला केलंन?" एवढंच म्हणाले.

मी धावत जाऊन काकीला सांगितलं. तिचा चेहरा हललासुद्धा नाही. "मीच ठेवली असेन तिथं," ती म्हणाली.

संध्याकाळी पालखी आमच्या अंगणात आली. नथ देवीच्या नाकात होती, सगळं गाव बघत होतं. काकीने ओटी मानकऱ्यांच्या हातात दिली, जमिनीला डोकं टेकलं आणि मोठ्याने म्हणाली, "आये, चुकले. परत नाय घेयाची."

थोरले मानकरी माझ्याकडे बघून हसले. "ऐकलास? आमी नाय सांगत, तीच सांगते."