कपाटातला क्रांतिकारक

आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातला माझा सहभाग संपूर्णपणे एका कपाटात घडला.

२०२१चा उन्हाळा. बायको केरी परगण्यातल्या ट्रलीच्या हॉस्पिटलात डॉक्टर, मी दूरच्या सँडीफोर्डमधल्या ऑफिसचं काम घरून करणारा, आणि कोल्हापूरहून महिनाभरासाठी आलेल्या सासूबाई कोरोनात विमानं बंद झाल्यामुळे वर्षभर आमच्याकडेच! (तक्रार नाही. माझं वजन वाढलं, एवढंच.)

लढ्याला शंभर वर्षं झाली म्हणून शेजारच्या मॉरीनबाईंनी गावच्या इतिहासावर नाटुकलं बसवलं. त्यांच्या आजोबांचा भाऊ कपाटात लपला होता आणि इंग्रजांना शेवटपर्यंत सापडला नव्हता. बाई कित्येक महिने त्यावर खपत होत्या. पण निम्मं गाव अजून घराबाहेर पडायला घाबरत होतं, म्हणून क्रांतिकारक झालो मी! बटाटे सोलणारी म्हातारी झाल्या सासूबाई.

"मला इंग्रजी कुठं येतंय वो?"

"आई, बोलायचंच नाही. साहेबानं दरडावलं की नुसती 'नाही' म्हणून मान हलवायची."

"एवढंच व्हय?"

प्रयोग मोकळ्या अंगणात. प्रेक्षक मास्क लावून बसलेले. मी पोट आत ओढून कपाटात शिरलो, दार लागलं आणि नाकात धूळ गेली. आधी ठसका, मग खोकला, मग ढासच! त्या दिवसांत खोकला म्हणजे बॉम्बपेक्षा भयंकर. पहिली रांग खुर्च्यांसकट मागे सरकली.

इंग्रज अधिकारी झाला होता डेक्लन, आमचा मेंढ्या पाळणारा शेजारी. इतका मऊ की दरडावण्याआधी 'सॉरी' म्हणायचा. तो ओरडला, "सॉरी... व्हेअर इज ही?"

सासूबाईंनी मान हलवली. मी खोकलो. त्यांनी पुन्हा मान हलवली. मी आणखी खोकलो. मग मात्र त्यांना राहवेना.

"अवं, कपाटात हायत की आमचं जावई! गुदमरत्यात! आधी भायेर काढा!"

डेक्लनला अक्षर कळलं नाही. सुटलो, असं म्हणतोय तोच प्रेक्षकांतून आमची आठ वर्षांची इरा अस्सल केरी हेलात किंचाळली, "शी सेज ही'ज इन द प्रेस!"

(इथे कपाटाला 'प्रेस' म्हणतात. दुर्दैवाने हे डेक्लनलाही ठाऊक होतं.)

पण माणूस भला! कपाटाकडे पाठ फिरवून म्हणाला, "नोबडी हिअर. ग्रँड!" (म्हणजे 'छान, सगळं ठीक'!) आणि फौज घेऊन निघाला. सासूबाईंनी त्याची बाही धरून त्याला फरफटत परत आणला आणि स्वतःच्या हाताने दार उघडलं. मी थेट बटाट्यांच्या टोपलीत!

"पाणी प्या, जावईबापू," म्हणत त्यांनी साहेबाच्याच कमरेची बाटली माझ्या तोंडाला लावली.

मॉरीनबाई पांढऱ्याफटक. एवढ्या महिन्यांची मेहनत बटाट्यांत लोळत होती! तेवढ्यात मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि बघता बघता अंगणभर हशा पिकला. मॉरीनबाई डोळे पुसत आल्या. (हसून की रडून, हे विचारायची माझी छाती झाली नाही.)

"तुझी सासू इंग्रजांच्या बाजूला असती," त्या म्हणाल्या, "तर आम्ही आजही गुलामच असतो!"

पुढच्या प्रयोगात सासूबाईंना हेराचं काम मिळालं आणि इराला दुभाष्याचं.

"आणि मला?" मी विचारलं.

"आहे ना!" मॉरीनबाई प्रेमाने म्हणाल्या. "खुर्च्या मांडायच्या. मोकळ्या हवेतलं काम आहे!"