तीन दिवस न पेटलेली चूल

तो उन्हाळा मी अजून विसरलेलो नाही. एकोणीसशे पन्नासच्या दशकात चांदा जिल्ह्यात, धानोऱ्याच्या बाजूच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. मोहफुलं गळायचे दिवस होते. सारं रान गोड वासानं पेंगुळलेलं, आणि डायरी लिहिता लिहिता मीही.

तलावावरून जाळं खांद्यावर टाकून परतणाऱ्या एका ढिवराला भर दुपारी काळ्या मोटारीनं उडवलं. त्याचा पाय कापावा लागला. त्या भागात काळी मोटार एकच, लाकडाच्या ठेकेदाराची. तो म्हणाला, "गाडी दुरुस्तीला नागपूरला आहे. माणूस दारू पिऊन पडला असेल." गावानंही तेच खरं धरलं. ढिवर दवाखान्यात मला एकच सांगत राहिला, "साहेब, मी पेलो नव्हतो जी."

आठवड्यानं शेजारच्या गावचा कोतवाल सकाळीच ठाण्यात आला.

"साहेब, आमच्या गावच्या रंगाऱ्याच्या घरी तीन दिवस झाले चूल पेटली नाई. शेजारी भाकर नेऊन देऊन राह्यले. पन मेलं तं कोणीच नाई!"

या मुलखात मयत झाली की त्या घरात चूल पेटत नाही, जेवण शेजारी पोचवतात. कुणाचा तरी मृत्यू लपवलाय या संशयानं मी हवालदार आणि पंच घेऊन निघालो.

घराला लागून गोठा होता. दाराला ओली पोती, आत पाणी शिंपडलेली जमीन, धुळीचा कण नाही. मागची खिडकी सताड उघडी होती. तिच्या उजेडात हिरवं धुकं तरंगत होतं, आणि नाकातोंडाला फडकं बांधलेला एक माणूस मोटारीवर रंगाचा फवारा सावकाश मागेपुढे फिरवत होता. खरं सांगतो, आपण पोलीस आहोत हेच मी क्षणभर विसरलो. हवालदारानं सवयीनं विडी काढली तसा तो ओरडला, "काडी नोका पेटवू! थिनर हाय, सारं घर जाईल!"

चुलीचं कोडं तिथंच सुटलं, आणि नंबर पाहिला तर मोटार ठेकेदाराचीच! जबाब मी बाहेर मोहाखाली घेतला.

"काळी गाडी हिरवी का केलीस?"

"सांबर धडकलं म्हने ठेकेदार. घरीच कर म्हने. जुना रंग पत्र्यापर्यंत घासला, साहेब. कामात कसर नाई ठेवली."

म्हणजे पुरावाच घासून टाकला होता यानं! मी भडकलो. "ते सांबर नव्हतं. ढिवर होता. त्याचा पाय कापलाय, आणि लोक त्यालाच दारुडा म्हणतात."

रंगाऱ्यानं उठून वळचणीतून एक पुडी काढली. आत जाळ्याचा तुटका तुकडा होता.

"दिव्याच्या कडीत गुतला होता. सांबराले जाळं कुठून आलं, मले तवाच वाटलं. मोठा माणूस, म्हनून बोललो नाई."

तुकडा ढिवराच्या फाटक्या जाळ्याशी जुळला. रंगाऱ्यानं कोर्टात न डगमगता साक्ष दिली आणि ठेकेदाराला शिक्षा झाली.

बाहेर कुबडीवर उभ्या ढिवरानं रंगाऱ्याचा हात धरला. "पाय तं गेला, भाऊ. पन आता पिऊन पडला, असं कोणी म्हननार नाई मले."

मला माझीच लाज वाटली. पंचनाम्यात मी जखम इंचांत मोजून लिहिली होती, पण त्याची अब्रूही गेली, हे कुठंच लिहिलं नव्हतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, फिर्याद घ्यायला बसलो की मी आधी विचारायचो, "तुमचं काय गेलं?" आणि उत्तर पुरं होईपर्यंत लेखणी उचलत नसे.