मागच्या दिव्याला लावलेलं कुंकू

चार वर्षं मी लक्ष्मीआईशी बोलत नव्हते. विश्वास उडाला होता असं म्हणणार नाही, राग होता. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं शेळगाव. गावाबाहेर, कॅनॉलच्या पलीकडं, शिवेवर तिचं देऊळ आहे. एक माणूस वाकून आत बसेल एवढंच. आत शेंदूर लावलेला दगड आणि त्याला चांदीचे डोळे. लग्न होऊन मी बारामतीकडं पणदऱ्याला आले, तरी वर्षातून दोन-तीनदा तिच्याकडं जाणं कधी चुकलं नाही. आधी एसटीनं फाट्यापर्यंत आणि पुढं कॅनॉलच्या भरावावरून पायी, मग मालकांनी मोटारसायकल घेतली तेव्हा तिच्यावरून. सकाळच्या धारा काढून निघायचं आणि संध्याकाळच्या धारांना परत यायचं. दरवेळी मी एकच मागायचे, मालकांना रस्त्यावर सांभाळ. हंगामात आमच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या धावतात आणि मालक रोज त्याच रस्त्यानं दूध घेऊन जायचे. तिनं त्यांना रस्त्यावर सांभाळलं, कधी खरचटूसुद्धा दिलं नाही. आणि मग पोटाच्या दुखण्यानं घरातल्या खाटेवरून नेलं. मी एका दाराची राखण मागितली होती, ते दार तिनं राखलं आणि दुसरं उघडं टाकलं, असं मला वाटलं. मी जाणं बंद केलं.

पुढं माझा उजवा डोळा काचबिंदूनं गेला. डावा मोतीबिंदूनं धुरकटत चालला. बारामतीच्या डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशन ठरवलं. मी सरळ विचारलं, दिसेल का? ते म्हणाले, "आजी, दिसायला पाहिजे. पण आत किती खाल्लंय ते उघडल्याशिवाय कळणार नाही. हमी देत नाही." खोटं बोलला नाही म्हणून माणूस मला बरा वाटला. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना सहज लक्ष्मीआईचं तोंड आठवायला गेले, तर येईना. चांदीचे डोळे येत होते, पण त्यांच्या मधलं आणि खालचं काही येईना. मुलाचं तोंड मला पाठ आहे, मालकांचं फोटोत आहे. तिचं मात्र कुठंच नव्हतं. चार वर्षं जिच्याकडं पाठ केली तिचं तोंड दिसेनासं झालं, तर तव्यावरची भाकरी करपून गेली. रागाच्या खाली एवढी ओढ दबून होती हे मलाच ठाऊक नव्हतं. सोमवारच्या आत एकदा तिला बघायचं, एवढंच मनात राहिलं.

मुलगा लोणी देवकरला कारखान्यात आहे, इंदापुरात राहतो. फोनवर म्हणाला, "आई, ऑपरेशन होऊ दे, गाडी करून नेतो." मी म्हटलं, "आणि दिसलं न्हाय तर तुझी गाडी बघू व्हय?" त्याला सुट्टी मिळत नव्हती. मग मी शेजारी धाकट्या दिरांकडं गेले. मालकांची मोटारसायकल आता तेच चालवतात. शनिवारपासून त्यांच्या उसाला तोड येणार होती, म्हणजे शुक्रवार हा एकच दिवस होता. भावजी तयार झाले, पण गाडीचा मागचा दिवा म्हशीनं ढुशी मारून फोडला होता.

मी म्हटलं, "दिवसाढवळ्या जायचंय, दिवा कशाला लागतोय?"

"वयनी, मी ब्रेक दाबला ते मागच्या ट्रॉलीवाल्याला काय सपान पडणार हाय का? लाल दिवा लागल्याबिगर मी ह्या रस्त्याला तुमाला मागं बसवत न्हाय."

त्यांचं खरं होतं. गुरुवारी ते नवा दिवा घेऊन आले आणि अंगणात पाने मांडून बसले. दिवा दोन बोल्टांवर बसवलेला असतो, खालून नट. एक नट लगेच सुटला. दुसरा हलेना. जोर लावला तसा पाना घसरला, पुन्हा लावला, पुन्हा घसरला, आणि नटाचे कोन झिजून तो गोटीसारखा गोल झाला. भावजींच्या बोटांची सालटं निघाली.

"नट हाय का तुमचा स्वभाव हाय? हालतच न्हाय."

"माझा स्वभाव हालवणारं माणूस चार वर्षांमागं गेलं. तुमी नटाचं बघा."

शुक्रवारी सकाळी नवा दिवा पिशवीत घेऊन आम्ही तसेच निघालो. बारामतीत कुणीही काढून देईल असं वाटलं होतं. पहिल्या गॅरेजवाला म्हणाला, कापावा लागेल, कापताना मडगार्डही कापलं जाईल, गाडी ठेवून जा, उद्या संध्याकाळी या. दुसऱ्यानं वाकूनसुद्धा बघितलं नाही. भावजी म्हणाले, "वयनी, आज तिची इच्छा दिसत न्हाय." मी म्हटलं, "तिची नसंल, माझी हाय. चला पुढं." ते रस्त्याच्या कडेकडेनं निघाले. मागून ट्रॅक्टर आला की खाली उतरून थांबायचे. इंदापूरच्या रस्त्याला थोडं पुढं गेल्यावर त्यांनी एका लिंबाखाली गाडी उभी केली आणि म्हणाले, "बास. ह्याच्याफुडं मी नेत न्हाय. रागवायचं तर रागवा."

मी रागावले नाही. रागवायला अंगात काही उरलं नव्हतं. मी खाली उतरले आणि तिथंच दगडावर बसले. तिथून शेळगाव काही फार लांब नव्हतं, आणि मला तिकडं जाता येत नव्हतं. लिंबाच्या पलीकडं पत्र्याचं एक शेड होतं, मोटारी आणि पंप दुरुस्त करायचं. एक म्हातारा मिस्त्री दार ओढून घेत होता, डोक्यावर पांढरी टोपी, दाढी पांढरी. आमच्याकडं बघून तो आपणच आला.

"काय झालं, पाव्हणं?"

भावजींनी नट दाखवला. मिस्त्री टोपी खिशात घालून जमिनीवर उताणा झाला आणि ब्लेडच्या तुकड्यानं नटाभोवती खरवडू लागला. पिवळे-लाल खपले खाली पडले. त्यानं चिमटीत घेऊन वास घेतला.

"आक्का, ह्याच्यात गंज कमी आन् हळदीकुंकू जास्त हाय. ही गाडी कुणी पुजलीया?"

मीच पुजली होती. खंडेनवमीला सगळे गाडीच्या पुढं, हँडलला, कुंकू लावतात आणि चाकापुढं नारळ फोडतात. मी पुढं नावापुरतं लावायचे आणि बाकी सगळं मागच्या दिव्याला लावायचे. हळद, कुंकू, वरून नारळाचं पाणी. कारण माझी भीती मागून येणाऱ्याची होती. वर्षानुवर्षं ते पाणी त्या एका बोल्टात मुरत गेलं होतं. मी मिस्त्रीला तसं सांगितलं.

भावजी हसायला लागले. "म्हंजे दोन गॅरेजवाल्यांस्नी हरवलं ते वयनींच्या देवानं!"

"हसू नका," मिस्त्री म्हणाला. "लावणाऱ्यानं जीव लावून लावलंय. पर लोखंडाला त्यातलं काय कळतंय?" त्यानं डिझेलमध्ये ऑइल मिसळून नटावर थेंब थेंब सोडलं, छोट्या हातोडीनं चार हलके ठोके दिले आणि उठला. "आता तेल आत उतराय पायजे. मी जुम्म्याची नमाज पढून येतो. तवर ह्याला कुणी हात लावायचा न्हाय. घाईनं जोर लावला तर बोल्ट तुटंल, मग माझ्याच्यानंबी हुणार न्हाय."

तो गेला आणि आम्ही बसलो. भावजींना दम निघेना. दर थोड्या वेळानं म्हणायचे, "बघू का जरा लावून?" शेवटी मी पाना काढून घेतला आणि त्याच्यावर बसले. मग ते पिशवी उशाला घेऊन झोपले. ऊन चढलं, उतरायला लागलं. मला करण्यासारखं काही नव्हतं. आयुष्यात असा वेळ मला फार कमी मिळाला आहे. हातात काम नसलं की मन नको तिकडं जातं, तसं गेलं. मालक दर खंडेनवमीला म्हणायचे, "अगं, फुडं लाव. मागं कोण बघतंय?" मी म्हणायचे, मागून येणारा बघतो. ते म्हणायचे, "त्याला कुंकू दिसतंय व्हय? त्याला दिवा दिसतोय." आणि दिव्याची काच पुसून घ्यायचे, कडेनं मी लावलेलं मात्र तसंच राहू द्यायचे. ते बोलणं तिथं ऐकू आल्यासारखं झालं आणि मला मालक हवेसे झाले. चार वर्षांत मी त्यांच्यासाठी रडले नव्हते, देवीवर रागावले होते. राग सोपा असतो, त्यात माणूस ताठ राहतो. त्या दगडावर बसून मी पदर तोंडाला लावला आणि मनात म्हटलं, बाई, ज्यांना नेऊ नये त्यांना नेलंस. आता मला तुझ्याकडं यायचंय आणि तेही माझ्या हातात नाही. तुला आणायचं असेल तर आण. आणायचं नसेल तर मी हितूनच परत जाईन, पण रागावून जाणार नाही. हे म्हटलं म्हणून काही घडलं नाही. एक माशी सारखी तोंडावर येत होती, ती येतच राहिली.

मिस्त्री परतला तेव्हा मी विचारलं, "काय मागितलं?"

"खरं सांगू का आक्का? तुमचा नटच डोक्यात बसला हुता. बाकी काय सुचलंच न्हाय."

त्यानं एक नंबर लहान पाना हातोडीनं ठोकून त्या गोल झालेल्या नटावर बसवला. आणि सोडवायच्या ऐवजी उलटा, आवळायच्या बाजूला जरासा दाबला. भावजी ओरडले, "आवो, काय करताय?" मिस्त्रीनं हात चालूच ठेवला. किंचित आवळला, मग किंचित सैल, पुन्हा थेंबभर तेल, पुन्हा थांबला. बऱ्याच वेळानं करकर असा बारीक आवाज झाला आणि नट फिरला. बोल्ट तुटला नाही, मडगार्ड शाबूत राहिलं. त्यानं नवा दिवा बसवला, तारा जोडल्या, ब्रेक दाबून दाखवला. मजुरी जी होत होती तेवढीच घेतली आणि म्हणाला, "आक्का, नवा दिवा हाय. ह्याला तेवढं नारळाचं पाणी पाजू नका."

उशीर झाला होता. देवळापाशी पोचेपर्यंत दिवस मावळतीला आला. भावजी खाली भरावाजवळ थांबले, मी वाकून आत गेले. आत अंधार. एका अधू डोळ्याला अंधारात काय दिसणार? तेलाचा वास येत होता, हाताला गार फरशी लागत होती, आणि समोर नुसतं काळं. चांदीचे डोळेसुद्धा दिसेनात. मी म्हटलं, ठीक आहे, आणलंस ना, पुरे. गुडघा दुखायला लागला म्हणून मी कडेला सरकले. मी सरकले तसं दारातून ऊन आत आलं. मीच दारात आडवी बसले होते. ते ऊन सरळ तिच्या तोंडावर पडलं, पिवळं, आडवं, भरपूर, आणि मला ती दिसली. डाव्या गालावरचा शेंदूर निघून काळा दगड उघडा पडला होता. नाक झिजलं होतं. एक डोळा जरा तिरका बसवलेला. ती हसत नव्हती, रागातही नव्हती. दिवसभराचं काम उरकून उंबऱ्यात टेकलेली बाई दिसते तशी दिसत होती. मी डोळा मागायचं विसरले. मालकांना का नेलंस हेही विचारायचं राहिलं. मी नुसती बघत बसले, ऊन होतं तोवर.

"आक्का, सरा जरा, दिवा लावायचाय." शेजारच्या रानातली एक बाई दारात उभी होती, काखेत वैरणीची पेंढी.

मी तिला म्हटलं, "बाई, केवढा उजेड पडला गं तिच्यावर!"

"त्यात काय नवाल? सांजच्याला रोजच येतंय की ऊन आत. दार मावळतीला हाय न्हवं?"

मी त्याच गावात जन्मले, पण मला हे ठाऊक नव्हतं. लहानपणी तिन्हीसांजेला शिवेवर जायचं नाही म्हणून आई दटावायची, आणि लग्नानंतर आम्ही नेहमी सकाळीच आलो. नट गुरुवारी अंगणात सुटला असता, किंवा बारामतीत पहिल्याच गॅरेजात सुटला असता, तर आम्ही सकाळीच पोचलो असतो आणि मी अंधाराला हात जोडून परत आले असते. हे कुणी घडवलं ते मी सांगणार नाही. नट जाम झाला होता, मिस्त्री भेटला, आणि ऊन तर रोजच येतं. तिन्ही साध्या गोष्टी आहेत. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, त्यांची बेरीज मला करता येत नाही. एवढंच कळतं की मी दिवसभर ज्याच्यावर चरफडत होते तेच मला घेऊन चाललं होतं.

सोमवारी ऑपरेशन झालं. डोळा सुधारला नाही, उलट आणखी मंदावला. माणूस आला हे दिसतं, कोण आला ते आवाजावरून कळतं. जाड पेन घेऊन मोठ्या अक्षरात हे लिहिते आहे. त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलं नाही याची मला खंत आहे, तो जिथं असेल तिथं त्याचे हात चालते राहोत. मुलगा म्हणतो, पुन्हा नेतो. नेलं तर जाईन. जायची ओढ कमी झालेली नाही, उलट वाढली आहे, पण आता ती बोचत नाही. संध्याकाळी उन्हं उतरली की मी हातातलं काम ठेवून पडवीत येऊन बसते. या वेळेला तिच्या तोंडावर उजेड आला असेल, एवढं मला इथं बसून कळतं.