चकतीभोवतीचं कडं

आमच्या लॅबमध्ये घासायची काचेची भांडी आणि किस्से सारख्याच वेगानं साचतात. भांडी निदान शनिवारी घासून होतात. किस्से पडून राहतात, आणि हसत सांगायला घेतलेले काही शेवटपर्यंत हसू देत नाहीत.

बिराजदार सर आमचे प्रमुख. खेड्यात जखमेवर बांधतात त्या दगडी पाल्याचा अर्क जंतू मारतो, हे सिद्ध करायचा त्यांना ध्यास. दर सोमवारी वळसंगहून एसटीनं गोणीभर पाला आणायचे. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरलेला. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, पाला हाय, शेरडं कुटं हायत?"

"कॉलेजात! एमएस्सीला!"

*

सर कट्टर शाकाहारी, पण जंतू वाढवायला मटणाचा अर्क लागतो! मी मटण उकळायला ठेवलं की सर नाकाला रुमाल लावून व्हरांड्यात जायचे आणि तिथून ओरडायचे, "मीठ मोजून घाल गं!"

*

आमची पद्धत सोपी. प्लेटवर जंतू पसरवायचे, मध्ये अर्कात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची. जंतू मेले तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ कडं दिसतं. दगडी पाल्याचं कडं बघून सरांनी पेढे वाटले! मी नुसत्या स्पिरिटची चकती ठेवून पाहिली. तिचंही कडं तेवढंच!

"सर, अर्क स्पिरिटमध्ये काढलाय. जंतू स्पिरिटनं मेलेत."

"आमच्या आजीकडं कुठलं गं स्पिरिट? तिनं अख्ख्या गावाच्या जखमा भरल्या."

"ज्यांच्या भरल्या नाहीत, ते सांगायला राहिले नसतील, सर!"

सरांनी उरलेले पेढे पुड्यात बांधून ठेवले.

*

सरांना मधुमेह. चपलेचा खिळा पायात घुसला, जखम चिघळली. सर तिच्यावर दगडी पाला बांधून शिकवत राहिले. शेवटी सरांच्या पत्नीनं, काकूंनी मला घरी बोलावलं. "तू तरी सांग की. डॉक्टर म्हणतोय, इंजेक्शनं न्हाय घेतली तर पाय जाईल."

मी तोंडावर सांगितलं, "सर, हा हट्ट आहे. विज्ञान नाही."

"मग विज्ञान कर!" सरांनी जखमेतला पू कापसाच्या काडीवर घेऊन माझ्या हातात दिला. "हा प्लेटवर पसरव. अर्काच्या चकतीतलं स्पिरिट पूर्ण उडू दे, मग ठेव. कडं आलं नाही, तर मी सिव्हिलला जातो."

*

कडं आलं नाही. चकतीला चिकटून जंतू दाटले होते. प्लेट घेऊन मी सरांच्या घरी पळाले, तर कुलूप! ताप चढला म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना पहाटेच सिव्हिलला नेलं होतं.

टांग्यात मी सगळं भाषण पाठ केलं. आज सुनावणारच होते.

वॉर्डात काकू कॉटच्या पायथ्याशी बसल्या होत्या. दुपारी पाय गुडघ्याखाली कापणार, असं त्यांनीच सांगितलं.

सरांनी हात पुढे केला. प्लेट खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी करून बराच वेळ बघितली.

"किती सारखं पसरवलंयस गं," ते म्हणाले. "कुठं ओरखडा नाही. हात बसला तुझा."