हिरवळीवरची गाडी आणि दामले काकूंची भेंडी

चार्जिंग ही मोठी वाईट गोष्ट आहे. गाडी तारेला लावली की ती भरायला लागते आणि आम्ही ड्रायव्हर रिकामे होतो. रिकामा माणूस काय करणार, बोलणार! आमच्याकडे किस्से साठले ते असे. पेट्रोलच्या गाड्या असत्या तर पटकन टाकी भरून निघालो असतो आणि तुम्ही आज माझ्या तावडीतून सुटला असतात.

गाड्या म्हणजे गोल्फ कार्ट. वर छप्पर, बाजूला काही नाही. मंडई, कसबा पेठ, नारायण पेठ अशी फेरी. ज्यांचे गुडघे बोलायला लागलेत त्यांच्यासाठी ही सोय, आणि ती भर रस्त्यात, मोटारींच्या बरोबरीने. परवानगी मात्र तात्पुरती. ट्रायल संपताना वाहतूक शाखेचे साहेब स्वतः बसून फेरी मारणार होते. गाडीमुळे रस्ता अडतोय असं त्यांना दिसलं, की गाड्या परत आणि आम्ही घरी.

आम्ही म्हणजे तिघं. मी शैला. माझं अर्धं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारीत डावीकडच्या सीटवर, जादाच्या ब्रेकवर पाय ठेवून आणि जीव मुठीत धरून गेलं. दुसरे बापू. त्यांचं गाव शहरात आलं, ते स्वतः अजून यायचेत. आणि तिसरा वर्ध्याकडचा पंकज. आमच्यात अनुभवी तोच. आधी एका गोल्फच्या मैदानावर तो साहेबलोकांना याच गाडीतून फिरवायचा. सगळा घोळ त्या अनुभवानेच घातला.

* * *

पहिल्याच दिवशी नारायण पेठेतले एक गृहस्थ गाडीभोवती प्रदक्षिणा घालून आले आणि दार कुठंय म्हणाले. मी म्हटलं, दार नाही. म्हणाले, काच? काच नाही. मग जरा विचार करून त्यांनी विचारलं, "मग ड्रायव्हरचा राग आला तर उतरताना आपटायचं काय?"

मी म्हटलं, तुम्ही बसा तर खरं, राग आणायचं माझ्याकडे लागलं. बसले. उतरताना हातातली छत्री जमिनीवर आपटून गेले. तेव्हापासून रोज येतात आणि रोज आपटतात. छत्री बदलली त्यांनी मध्यंतरी.

* * *

बापूंची एक सवय आहे. रस्त्यात जो दिसेल त्याला दोन्ही हात जोडून नमस्कार. गावात ठीक आहे हो, पण उघडी गाडी, पांढरा शर्ट, हळू वेग आणि जोडलेले हात म्हटल्यावर कसबा पेठेने जे समजायचं ते समजून घेतलं.

एक बाई आडव्याच आल्या. नळाला पाणी येत नाही, तुम्ही लोक फक्त मतं मागायला उगवता, असं बरंच काही. बापूंना कुणाला नाही म्हणवत नाही. ते म्हणाले, "बघतो की, त्यात काय हाय!"

आणि दुसऱ्या दिवशी पाणी आलं! कसं आलं ते पाण्याला ठाऊक. त्या गल्लीने बापूंना हार घातला. आता दुसऱ्या गल्लीतले लोक ड्रेनेजचं घेऊन येतात आणि हार गळ्यात असल्यामुळे बापूंना पळताही येत नाही.

* * *

आता पंकज. गोल्फमध्ये म्हणे एक रीत असते. पुढचे लोक हळू असले आणि मागचे जलद, तर पुढच्यांनी बाजूला व्हायचं आणि हात करून सांगायचं, जा पुढे. त्याला म्हणतात वाट देणं. न दिली तर असंस्कृत.

मैदानावर मागे येऊन येऊन एखादी गाडी येणार. पंकजने ही रीत मंडईच्या कोपऱ्यावर पाळली. मागून मोटार आली, हात केला, जा पुढे. मग दुसरी. मग रिक्षा, टेम्पो, टेम्पोमागचा टेम्पो. बिचारा हसतमुखाने हात करतोय आणि गाडी जागची हलत नाहीये. मागे बसलेल्या आजोबांनी पेपर वाचून संपवला. मग शांतपणे म्हणाले, अहो, पुण्यात मागचा प्रत्येक जण घाईतच असतो, तुम्ही निवृत्त झालात तरी तो संपायचा नाही.

मी त्याची खरडपट्टी काढली. त्याचं आपलं एकच, "काहून ताई, ते घाईत होते ना जी!" शेवटी त्याच्या शेजारी बसून मी त्याची ती खोड मोडली. त्या भागातले लोक सांगतात की वाटभर बाई गाडीच्या तळाला लाथा मारत होत्या. ब्रेक दाबत होते मी! नाहीये तिथे ब्रेक, पण पायाला कोण सांगणार.

* * *

त्याची दुसरी रीत त्याहून भारी. गोल्फमध्ये कुणी फटका मारायला उभा राहिला की गाडी जागेवर थांबवायची आणि चिडीचूप व्हायचं.

रविवारी कसब्यातल्या एका गल्लीत मोठी माणसं क्रिकेट खेळतात. बँकेतले एक पोटवाले गृहस्थ बॅटिंगला उभे होते. पंकजने गाडी थांबवली. वळून सगळ्या पॅसेंजरांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. ते गप्प झाले म्हणून वरच्या गॅलऱ्याही गप्प झाल्या. पेठेत अशी शांतता कुणी ऐकलेली नव्हती. बँकवाल्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, त्यांच्या कपाळाला घाम आला आणि त्यांचा पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला.

ते बॅट घेऊन थेट गाडीकडे आले. म्हणाले, "इतकी वर्षं खेळतोय, पण माझ्याकडे कुणी बघत नाही या भरवशावर खेळतोय मी!"

* * *

या गाडीला आवाज नाही ही एक पंचाईतच. मागे येऊन उभी राहिली तरी माणसाला पत्ता नसतो. हॉर्न वाजवावा तर पुण्यात हॉर्नला कोण विचारतो? बापूंनी घरून बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ आणली आणि पुढे बांधली. वा! गर्दी आपोआप दुभंगायला लागली.

पण कसब्यात एका घरातून बाई सुपात धान्य घेऊन धावत बाहेर आल्या. नंदीबैल आला असं वाटलं त्यांना. समोर आमची गाडी आणि आत बापू! बाई ओशाळल्या, पण दारी आलेल्याला रिकामं कसं पाठवायचं म्हणून गरम पोळी आणि गूळ घेऊन आल्या. बापूंनी गाडीच्या वतीने खाल्लं आणि बाईंनी यंदा पाऊस पडेल का विचारलं तेव्हा नंदीसारखी मानही डोलावली.

* * *

आता दामले काकूंचं सांगते, आणि हे जरा नीट ऐका.

काकू नारायण पेठेतल्या. गुडघ्यांनी दगा दिला तशी त्यांची मंडई सुटली. रिक्षात चढता येईना. काका मोटार काढायचे, पण मंडईपाशी ती लावणार कुठे? मग काकू घरी आणि भाजी आणणार काका. काकांना भेंडी म्हणजे जेवढी मोठी तेवढी फायद्याची वाटते. काकूंनी वर्षानुवर्षं ती जून भेंडी चिरली आणि खाल्ली.

आमच्या गाडीची पायरी अगदी खाली. पहिल्या दिवशी मी काकूंना मंडईत सोडलं. त्यांनी ढिगातली एकेक भेंडी उचलली, शेंडा मोडून बघितला, कट्‌ आवाज आला की पिशवीत. भाजीवाला डाफरला, काकू, मोडू नका हो! परत येताना काकूंचा चेहरा असा फुललेला की काय सांगू. गाडीत प्रत्येकाला सांगत होत्या, "मला ओरडला तो! अगदी पूर्वीसारखा ओरडला!" मला भरून आलं. रडले मी थोडी, उगाच कशाला खोटं बोलू.

आणि आमच्याविरुद्ध चौकीत जाऊन जाऊन तक्रार करणारा माणूस कोण? दामले काका! ही हिरवळीवरची गाडी आहे, रस्त्यावर ही मोटारींना अडवते, हे त्यांचं पालुपद. त्यांची स्वतःची जुनी क्रीम रंगाची मोटार दुसऱ्या गिअरच्या वर गेलेली पेठेने पाहिलेली नाही. साहेबांच्या फेरीच्या दिवशी मागे राहून हॉर्न मारमारून दाखवतो, असं त्यांनी घरीच जाहीर केलं होतं.

काकू मला म्हणाल्या, "शैला, गाडी बंद झाली तर मी परत ह्यांच्या भेंडीवर गं."

* * *

साहेबांची फेरी मंडईतून निघायची होती. मी चालवायला, शेजारी साहेब, मागे काकू आणि पंकज. पंकजला हात मांडीखाली दाबून बसवलेलं. पुढे घुंगरमाळ. ओव्हरटेक करायचं नाही अशी आम्हाला सक्त ताकीद.

निघायला उशीर झाला, कारण काकू भेंडी निवडत होत्या. काका बिचारे मागे लागायला टपलेले, पण मंडईपाशी उभं कोण राहू देणार? त्यांना चकरा मारायला लागल्या. त्यांच्या एका चकरेतच आम्ही निघालो आणि ते नेमके आमच्या पुढे आले.

मग काय! आम्ही पुढे जावं म्हणून काका हळू चालले. ओव्हरटेक करायचं नाही म्हणून मी त्यांच्याहून हळू. मागे ही रांग. हॉर्नवर हॉर्न. साहेबांनी वळून मागे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. संपलं म्हटलं सगळं. काकूंनी पिशवी पोटाशी घट्ट धरली.

तेवढ्यात क्रीम मोटार आणखी हळू झाली, बाजूला सरकली आणि खिडकीतून एक वैतागलेला हात बाहेर आला. जा पुढे, जा पुढे.

पंकज मागून ओरडला, "ताई! ते वाट देऊन राहिले जी!"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. मी पाय दाबला. घुंगरं वाजवत आम्ही दामले काकांना मागे टाकलं, आमच्यामागून ती रांगही भराभर सुटली आणि रस्ता मोकळा झाला.

साहेबांनी वळून मोटारीकडे नीट पाहिलं. म्हणाले, "अडतंय कुणामुळे ते बघितलं मी. हे गृहस्थ कोण? ओळखतं का यांना कुणी?"

मी समोरच्या रस्त्याकडे बघत गाडी चालवली. पंकजने हात पुन्हा मांडीखाली दाबले.

काकूंनी पिशवीतली एक भेंडी काढली, शेंडा मोडला आणि म्हणाल्या, "तोंडओळख आहे."