गाडी थांबवा

आतडं कापून पुन्हा जोडलं, पोटावरची शौचाची पिशवी निघाली, त्याला सहा महिने झाले. सुरुवातीला कळ आली की धरवायची नाही. म्हणून लेकीच्या गावाला एसटीने जाताना मी दाराजवळ बसायचो, जास्तीचा लेंगा सोबत ठेवायचो आणि वेळ आली की सरळ ओरडायचो, "गाडी थांबवा!"

एकदा कंडक्टर म्हणाला, "आजोबा, अर्ध्या तासात स्टँड येतंय."

"स्टँडच्या आधी माझं येईल. मग गाडी तूच धू."

सगळी गाडी हसली. ड्रायव्हरने पेट्रोलपंपावर गाडी घेतली.

मी मोकळा होऊन बाहेर आलो, तर बायकांच्या संडासापुढे चौघीजणी उभ्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "बरं झालं भाऊ, तुम्ही बोललात. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही मी, उतरायची पंचाईत म्हणून."

माझी बायको चाळीस वर्षं प्रवासात अशीच कोरड्या तोंडाने बसायची. मी पाणी पुढे करायचो, ती नको म्हणायची. मला वाटायचं, हिला तहानच कमी. ती जाऊन वर्ष झालं. आता कुणाला विचारू?

आतड्याची लाज मी कधी धरली नाही, पण तिथं उन्हात उभं राहून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हल्ली पोट बरंच ताळ्यावर आलंय. तरी अर्धी वाट सरली की मी गाडी थांबवायला लावतो. कळ नसली तरी उतरतो आणि शेवटची बाई चढेपर्यंत पायरीवर पाय ठेवून उभा राहतो. म्हातारा पायरीवर असला की गाडी हलत नाही.